अन्नावरून उठलेले किडे

लटारूभाऊ चंद्रपूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचे अटेंडंट. अकरा वर्षं झाली, अजून कंत्राटावरच. माणूस इतका मायाळू, की पाहुणा हात जोडेपर्यंत त्यांचं वाढणं थांबत नसे. अर्धपोटी उठलेलं कुणी त्यांना बघवायचंच नाही. या स्वभावानेच घात केला.

चिमूरची उर्वशी तिथे संशोधनाला आली. डोळ्यांना जेमतेम दिसणारे, दोऱ्यासारखे बारीक किडे पाळायचे, त्यांच्या अन्नात सेलेनियम नावाचं खनिज कमीजास्त घालायचं आणि ते कसे खातात ते मोजायचं, हे तिचं काम. काचेच्या बशीत मधोमध जिवाणूंचा ठिपका, तेच त्यांचं अन्न. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "भाऊ, एकही किडा उपाशी राह्यला नाई पायजे." तिचं म्हणणं एवढंच, की अन्न संपलेल्या बशा वेळेवर बदला. लटारूभाऊंनी ते फारच मनावर घेतलं.

रोज सकाळी ते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावत. सेलेनियम जास्त असलेल्या बशीतले किडे अन्न सोडून कडेला गेलेले दिसत. "काऊन रे, रुसले का?" म्हणत ते बारीक तारेने एकेकाला उचलून परत अन्नात ठेवत. दहाला उर्वशी येऊन मोजायची. सगळे अन्नावर. वर्षभर हेच.

फेब्रुवारीत तिचे सर म्हणाले, "काहीच फरक दिसत नाही, तर शिष्यवृत्तीची मुदत वाढवून मागायची कशाच्या जोरावर?"

उर्वशी रडवेली झाली. "सर, मले वाटलं होतं, सेलेनियम जास्त झालं का ते अन्नावरून उठून जातीन. एकही नाई उठला."

लटारूभाऊ तिथेच बशा पुसत होते. त्यांच्या पायांखालची जमीन सरकली. तेव्हाच तोंड उघडलं असतं तर पोरीचं काम वाचलं असतं. पण मार्चात कंत्राट नवं व्हायचं होतं. घाबरला माणूस, दुसरं काय! पुसलेलीच बशी पुन्हा पुसत राहिला.

कंत्राट झालं नवं. उर्वशी घुग्घुसला एका कारखान्यात नोकरीला लागली. जायच्या दिवशी पेढे घेऊन आली.

"तुमी लय जपलं माह्या किड्याइले. माहीच अक्कल कमी पडली, भाऊ," म्हणत ती पाया पडली.

"चांगलं होईन, पोरी," एवढंच ते बोलले.

तिचं अनुमान बरोबर होतं. हे जगात एकट्या लटारूभाऊंना ठाऊक आहे, आणि त्यांनी ते अजून तिला सांगितलेलं नाही.