भगत टाका की, मॅडम

"तुमच्यात आधी डॉक्टर सोडून मंतर-झाडपाल्यावाल्या भगताकडेच नेतात ना गं?" संपादकांनी भर मीटिंगमध्ये विचारलं. दोघं-तिघं हसले. सुरगाण्याकडच्या आमच्या पाड्यावरची माझी थोरली बहीण बाळंतपणात गेली होती. तिचीच बातमी मी दिली होती.

बातमी साधी होती. कळा सुरू झाल्या तशी दाजींनी जीप करून ताईला सरकारी दवाखान्यात आणलं. दवाखान्याला कुलूप. डॉक्टर नाही, नर्स नाही. तिथंच पायरीवर ती गेली. पोटातलं लेकरूही गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर उघडला. 'भगताकडे नेल्याने मातेचा मृत्यू.' बातम्या तपासणाऱ्या डेस्कवर कुणीतरी बसल्या जागी बदललं होतं. फोन नाही, विचारणं नाही. डोंगरातली बाई मेली म्हणजे भगत असणारच! आणि वर माझं नाव. एरवी माझ्या सगळ्या बातम्या 'प्रतिनिधी' म्हणून जायच्या. नाव यावं म्हणून किती जीव टाकला होता मी. आलं ते असं.

खुलासा छापा म्हणून संपादकांच्या हातापाया पडले. "सर, माझी सख्खी बहीण होती ती."

"भावना समजते गं. पण विषय शिळा झाला आता."

गावी गेले तर दाजींनी दारातच अडवलं. कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं त्यांनी. "तूच लिवलं ना? तुझंच नाव हाय. मी भगताकडं नेली तिला?"

डेस्क म्हणजे काय, हे त्या माणसाला कुठल्या तोंडाने समजावू? आईनेसुद्धा पाणी विचारलं नाही.

नोकरी सोडली. कादंबऱ्या लिहायला लागले. शहरातल्या माणसांवरच्या दोन छापून आल्या, बरं बोललं गेलं. ताईची लिहायला मात्र धीर होत नव्हता. शेवटी लिहिली. लिहून ती उठणार नव्हती, कळत होतं मला. तरी लिहिली.

कॉलेज रोडच्या ऑफिसात माझे प्रकाशक म्हणाले, "सुंदर झालीय. फक्त तेवढा एक भगत टाका की, मॅडम. रंग येईल. लोकांना तेच लागतं."

डोकंच फिरलं माझं. टेबलावरचं बाड उचललं. "नाही टाकणार," म्हटलं आणि जिना उतरले.

कादंबरी अजून पडून आहे. दाजी अजून बोलत नाहीत. बहुतेक कधीच बोलणार नाहीत, आणि त्याला माझ्याकडे काही इलाज नाही. पण माझं नाव लावून दुसऱ्याचं खोटं आता जाणार नाही. नसेल छापायची तर नका छापू. ताईला मी भगताकडे पाठवणार नाही.