खरपुडीची जागा

पन्हाळ्याच्या पश्चिमेला एक लांबलचक पठार आहे. मी कोडोलीचा. जवळच्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवायचो, आणि दर श्रावणात एक दिवस वर्गाला त्या पठारावर न्यायचो. मुलं निम्मा वेळ डबे खाण्यात आणि फोटो काढण्यात घालवायची. मी गवतात वाकून त्यांना नावं सांगत राहायचो.

पठाराच्या कडेला धनगरांची चार-पाच घरं आहेत. त्यातल्या एका घरची मावशी तिथं म्हशी चारायची. साठीची असेल. पावसाला डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ. एकदा मी मुलांना एका गवताचं लॅटिन नाव सांगत होतो. ती मागं येऊन कधी उभी राहिली कळलं नाही.

"ते नाव ऱ्हाऊ द्या गुरुजी," ती म्हणाली. "म्हस खाती का न्हाय ते सांगा की."

मला ते माहीत नव्हतं. मुलं हसली. म्हैस ते गवत खात नाही, फुलोऱ्याआधी मात्र खाते, असं तिनंच सांगितलं. त्यानंतर मी एकटाही वर जाऊ लागलो. मी विचारायचो, ती सांगायची. चार-पाच वर्षांत तिच्याकडून जेवढं शिकलो तेवढं पदवीच्या तीन वर्षांत शिकलो नव्हतो.

एका भाद्रपदात ती मला कड्याच्या खालच्या टप्प्यावर घेऊन गेली. कातळाच्या भेगेत, गवतासारखीच दिसणारी नऊ रोपं होती. प्रत्येकाला एकदोन फुलं. फिकट हिरवी, बोटाच्या पेराएवढी, आणि वर पाकळ्यांची टोकं जुळून कंदील झालेला. पुस्तकात मी ते फूल कितीतरी वेळा पाहिलं होतं. प्रत्यक्ष कधीच नाही. जगात फार थोड्या जागी उरलेल्या झाडांपैकी ते एक.

"आमी खरपुडी म्हनतो," मावशी म्हणाली. "दुष्काळात आमच्या आईनं ह्याचं कंद उकडून घातलं आमास्नी. तवा लई हुती. आता एवढीच ऱ्हायल्यात, म्हनून आमी बी काढत न्हाय." मग म्हणाली, "कुणाला सांगू नगा गुरुजी."

"मी कशाला सांगतोय, मावशी?"

"तसं न्हवं. तुमच्या पोरांस्नी बी न्हाय."

"न्हाय सांगत," मी म्हणालो.

आठवडाभर मी तो शब्द पाळला. मग कोल्हापुरातल्या निसर्गप्रेमी मंडळींच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. जागेचं नाव लिहिलं नाही. पण फोटोत मागं कडा दिसत होता, आणि कड्याच्या टोकावरचा एकुलता एक उंबर. पठार फिरलेल्या कुणालाही जागा ओळखू आली असती. हे मला फोटो टाकताना कळत नव्हतं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. खरं तर दुसरा फोटोही होता, नुसत्या फुलाचा. उंबराचा फोटो जास्त चांगला आला होता म्हणून मी तो टाकला.

लोकांनी खूप कौतुक केलं. ज्यांची पुस्तकं मी वर्गात शिकवली होती त्यांच्यापैकी एकांचा फोन आला. कोल्हापुरात एका सभागृहात मला बोलायला बोलावलं, शाल आणि नारळ दिला. भाषणात मी म्हणालो, "गेली काही वर्षं पठार पालथं घालताना मला ही वनस्पती आढळली." मावशीचा उल्लेख केला नाही. वेळ कमी होता, असं मी तेव्हा मनाला सांगितलं.

भाषण झाल्यावर एक गृहस्थ भेटले. बाहेरगावचे, गळ्यात भारी कॅमेरा, बोलणं अतिशय मऊ. "सर, एकदा डोळ्यांनी पाहायचंय हो. आयुष्याचं सार्थक होईल," म्हणाले. पुढच्या रविवारी मी त्यांना माझ्या मोटारसायकलवर बसवून पठारावर नेलं. रोपं पाहून ते गुडघ्यावर बसले. फोटो काढले. मग त्यांनी विचारलं, "कंद किती खाली असतो, सर?"

मी जैन. आमच्या घरात कांदा-बटाटाही येत नाही. कंद उपटला की अख्ख्या झाडाचा जीव जातो, असं आई सांगायची. आणि मी त्या माणसाला वीत पसरून दाखवली. "इतका. पण भेगेत तिरका जातो, सरळ नाही," असंही सांगितलं. शिकवायची सवय.

बारा-तेरा दिवसांनी मी एकटा वर गेलो. नऊ खड्डे होते. रानडुकरानं उकरलेले नव्हते. डुक्कर माती चौफेर उधळतं. हे खुरप्यानं, कडेकडेनं, तिरके काढलेले. मी तिथूनच त्या गृहस्थांना फोन लावला. पहिल्यांदा वाजत राहिला, नंतर बंद लागला. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "फुलं आहेत का अजून?" मी म्हणालो, "हंगाम संपला."

पण फोटो पाहून इतरही लोक तिथं जात होते. खड्ड्यांची बातमी पठाराखालच्या गावात पोचली. शाळेच्या वर्गात बैठक बोलावली. मला जाणकार म्हणून बोलावलं आणि सरपंचांच्या शेजारी खुर्ची दिली. धनगरवाड्यावरची माणसं दाराशी उभी होती, मावशीही त्यांच्यात. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "खरपुडी खातं कोण? हीच माणसं की. आन् कोण काढणार?"

"आमी न्हाय काढलं," मावशी म्हणाली.

सरपंचांनी माझ्याकडं वळून विचारलं, "सर, ही खायची वस्तू हाय का?"

त्यांनी तेवढंच विचारलं होतं. मी म्हणालो, "व्हय. पूर्वी खायचे."

हे वाक्य खरं होतं. आजवर मी याहून वाईट वाक्य बोललेलो नाही. बैठक पाच मिनिटांत आटोपली. कड्याखालच्या उताराला तारेचं कुंपण घालायचं, म्हशींना तिकडं बंदी, असं ठरलं. मावशीनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन निघून गेली. मी चहा घेतला आणि मोटारसायकल काढली.

दोन महिने मी पठाराकडं फिरकलो नाही. त्या काळात ती म्हशी पलीकडच्या ओढ्यापर्यंत लांबून वळसा घालून न्यायची, हे मला एका दूधवाल्याकडून कळलं. मार्गशीर्षात एका सकाळी मी तिच्या घरी गेलो. ती अंगणात शेणी थापत होती.

"मावशी, तो माणूस मीच आणला होता," मी म्हणालो.

तिनं हात थांबवला नाही. "ठावं हाय मला. माझ्या म्हशी तवा कड्यावरच हुत्या. तुमी दोघं वाकून बसल्याला बघितलं की."

"मग बैठकीत का बोलला नाहीत?"

"वाटलं, तुमी बोलशिला."

ती शेणी थापत राहिली. मी तिथून तसाच सरपंचांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आता ऱ्हाऊ दे की सर. कुंपण घातलंय. तुमचं नाव कशाला खराब करून घेताय?" मी ऐकलं नाही. पुढच्या ग्रामसभेत उभा राहून बोललो, मावशीचं काही चुकलेलं नाही हेही सांगितलं. लोक मला शिव्या घालतील असं वाटलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि कुणीतरी पाण्याच्या मोटारीचा विषय काढला. कुंपणाला म्हशींसाठी वाट ठेवायची असं ठरलं. ती ठेवायला पुढचा पावसाळा उजाडला. तोवर कुंपणाच्या आत गवत कमरेएवढं वाढलं होतं आणि त्यात दुसरं काही उगवलेलं दिसत नव्हतं.

नोकरीतून मोकळा झाल्यावरही मी अधूनमधून मावशीकडं जातो. ती म्हशीबद्दल बोलते, सुनेच्या दुखण्याबद्दल बोलते. यंदाच्या भाद्रपदात मी न राहवून विचारलं, "मावशी, खरपुडी अजून कुठं असेल का हो?"

"हाय की," ती म्हणाली. "पर तुमास्नी न्हाय सांगायची."

आवाजात राग नव्हता. तिनं चहाचा कप माझ्यापुढं सरकवला. मी तो हातात घेतला, आणि पिता पिता माझी नजर तिच्या घरामागच्या उतारावरचं गवत चाळायला लागली. लक्षात आल्यावर मी मान खाली घातली.