वाजवल्याशिवाय पैसा नको

घरात मोठं दुखणं आलं की रिकाम्या बाटल्या साचतात, तसे किस्सेही साचतात. बाटल्या भंगारवाला घेऊन जातो. किस्से न्यायला कुणी येत नाही. म्हणून तर आमच्या गल्लीतल्या बायका गहू निवडायला बसल्या की म्हणतात, "वैनी, मास्तरांचं सांगा की." दुखणं कॅन्सरचं होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी हसायच्या तयारीनेच बसतात.

मास्तर म्हणजे माझे सासरे, किसनमास्तर. शाळेचे नव्हेत, बँडचे. ताडकळसात आणि आसपासच्या गावांत त्यांच्या क्लॅरनेटशिवाय वरात निघत नसे. मी त्यांना मामा म्हणायची, म्हणजे मनातल्या मनात म्हणायची. सुनेने सासऱ्यासमोर बोलायची आमच्यात पद्धत नव्हती. मला काही सांगायचं असलं की मी दाराआडून सासूबाईंना सांगायची. मामा तिथेच बाजेवर बसलेले असायचे. तरी सासूबाई तेच पुन्हा मोठ्याने त्यांना सांगायच्या.

मामांचा एक नियम होता: वाजवल्याशिवाय पैसा घ्यायचा नाही. देवळाबाहेर बसतो तो भिकारी, आणि वाजवून घेतो तो कलावंत, एवढाच फरक त्यांना मान्य होता. आता बघा, असा माणूस, आणि त्याला दुखणं झालं लोकांकडून मदत घेतल्याशिवाय बरं न होणारं!

*

औरंगाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. आधी एक ऑपरेशन, मग केमोथेरपीची इंजेक्शनं.

ऑपरेशन सरकारी दवाखान्यात फुकट झालं. त्यात काय काढलं ते मी लिहीत नाही, समजून घ्या. इंजेक्शनं मात्र विकत आणायची होती. किंमत ऐकून आमचे हे औषधांच्या दुकानाच्या पायरीवरच बसले. हे बँडातच साइड ड्रम वाजवायचे. अशा एका इंजेक्शनाला किती लग्नं वाजवावी लागतील, याचा हिशेब त्यांनी बोटांवर सुरू केला आणि मध्येच सोडून दिला.

मामा शांत होते. म्हणाले, "काढून घ्यायचं आसलं की फुकटात काढतेत. घालायचं म्हणलं की पैसे मागतेत."

औषध लालभडक होतं. ते घेतल्यावर लघवीही लाल होते, घाबरू नका, असं नर्सबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. मामा घाबरले नाहीत, चिडले. मोरीतून बाहेर येऊन म्हणाले, "एवढं महागाचं औषध, आन् निम्मं मोरीत चाललंय. बाई, काही बूच-बिच हाय का?"

*

सरकारी मदत मिळते असं कळलं, म्हणून आम्ही परभणीच्या कचेरीत गेलो. घरात मॅट्रिक झालेली मी एकटीच, म्हणून अर्ज मी लिहिलेला. कारकून वयस्कर होते. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं, "हे प्रोस्टेट कुठं असतं?"

मी पदर पुढे ओढला. यांच्याकडे बघितलं. हे छतावरच्या पंख्याकडे बघायला लागले. पंखा बंद होता.

शेवटी यांनी कारकुनाच्या कानात सांगितलं. कारकून टेबलावरून पुढे वाकले. मग त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "सुरुवातीला काय होतं?"

हे म्हणाले, लघवीला सारखं उठावं लागतं, आणि गेलं तरी लवकर होत नाही.

कारकुनांनी पेन खाली ठेवला. बाजूच्या टेबलावरचे दुसरे गृहस्थ खुर्ची ओढून जवळ आले. मग आतले साहेबही बाहेर आले. तिघांनी यांना मध्ये घेतलं आणि कोण किती वेळा उठतं याची अशी काही चर्चा सुरू झाली, की बाहेरच्या रांगेतली माणसं दारात येऊन उभी राहिली.

आमचा अर्ज त्याच दिवशी वर गेला. त्या कचेरीत अर्ज जागचा हलायला महिना लागतो म्हणतात. पैसे आले, ते दोन इंजेक्शनांपुरते; दर पंधरा ऑगस्टला सरकारसाठी फुकट वाजवतो, म्हणून मामांनी ते घेतले. पण त्या दिवशी निघताना साहेबांनी यांना परत बोलावलं. आम्हाला वाटलं, आणखी काही मदत देतात की काय. साहेबांना डॉक्टरांचा पत्ता हवा होता.

*

गावात सासूबाईंनी दुखणं छातीत आहे असं सांगून ठेवलं होतं. खरं सांगायची त्यांना लाज वाटायची. त्यामुळे गावाने मामांचा सत्कार ठरवला तेव्हा पाहुणे म्हणून आलेल्या पुढाऱ्यांनाही छातीचंच सांगितलेलं.

पुढारी फार छान बोलले. ज्या फुप्फुसांनी या पंचक्रोशीतली हजारो लग्नं लावली, तीच फुप्फुसं आज संकटात आहेत, असं म्हणाले. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मामा मात्र खुर्चीत चुळबुळ करत होते. फुप्फुसांची बदनामी त्यांना सहन होईना. ते उभे राहिले.

"साहेब, छाती ठणठणीत हाय. दुखणं खाली हाय."

पुढाऱ्यांनी खाली बघितलं. "गुडघा?"

"वर."

"पोट?"

"खाली."

पुढचा प्रश्न विचारायच्या आत पुढाऱ्यांनी खिशात हात घातला. होतं तेवढं सगळं काढून टेबलावर ठेवलं आणि गाडीकडे निघाले. पण मामा सोडतात थोडंच! पैसे दिले म्हणजे वाजवलं पाहिजे. बँड तयारच होता. पुढाऱ्यांना हात जोडून पूर्ण धून ऐकावी लागली, शेवटपर्यंत.

सासूबाई नंतर आठ दिवस विहिरीवर गेल्या नाहीत.

*

आमच्या किराणा दुकानाचे बालाजीअप्पा मनाने मोठे, पण बायकोला फार भिणारे. एका संध्याकाळी ते गुपचूप आले, मामांच्या हातात पैसे कोंबले आणि म्हणाले, "मास्तर, कुणाला कळू देऊ नका. आमच्या हिला तर मुळीच न्हाई."

मामा म्हणाले, "बिलकूल न्हाई कळणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांच्या दारात पूर्ण बँड! मामांनी तोंडातून एक शब्द काढला नाही. पैशाचं नाव घेतलं नाही. फक्त वाजवलं. त्यांच्या मते त्यांनी शब्द पाळला होता.

अप्पांची बायको पिठाच्या हातांनी बाहेर आली. "कुणाचं लगीन हाय?" तिने विचारलं. अख्खी गल्ली अप्पांच्या तोंडाकडे बघायला लागली. अप्पा सुचेल ते बोलून गेले: "तुझा वाढदिवस हाय आज."

आपला जन्म कधीचा हे त्या माउलीला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. नवऱ्याला ठाऊक आहे म्हटल्यावर ती ओट्यावरच रडायला लागली.

तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी अप्पांना तिला नवं लुगडं घ्यावं लागतं. अप्पा म्हणतात, मास्तरांचं दुखणं मास्तरांपेक्षा मलाच महाग पडलं.

*

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. कधी कुठे बंद पुकारतील सांगता येत नसे. एका इंजेक्शनाच्या तारखेला नेमका बंद आला. एसटी नाही. कुणाची तरी जीप मागून आणली. पुढे रस्त्यात पोरांनी दगड लावलेले. एक जण जीपमध्ये डोकावला आणि मामांना ओळखून म्हणाला, "मास्तर, तुमी? आन् यंदा जयंतीला वाजवायला कोण?"

मामा म्हणाले, "जाऊ दिलं तर मीच. न्हाई जाऊ दिलं तर दुसरा बघा."

पोरांनी दगड बाजूला केले. थोडं पुढे गेलो तर दुसरी पोरं, दुसरे दगड. त्यांनी विचारलं, यंदा गणपतीला वाजवायला कोण?

मामांनी तेच उत्तर दिलं.

*

पण शेवटची दोन इंजेक्शनं राहिली तेव्हा मामांचा वाजवायचा श्वास संपला. पुढाऱ्यांचं भाषण उशिरा खरं झालं म्हणायचं. मिशा गळाल्या होत्या, अंग काडीसारखं झालं होतं. क्लॅरनेट तोंडाला लावलं की नुसती हवा यायची. लोक पैसे घेऊन यायचे आणि मामा हात मागे घ्यायचे. "वाजवता येत न्हाई. आता कशाचे घेऊ?" डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता मध्येच सोडलं तर आधीचं सगळं वाया जाईल. सासूबाईंनी देव पाण्यात घातले. यांनी ओरडून बघितलं. मी आयुष्यात पहिल्यांदा दाराआडून बाहेर आले आणि सरळ त्यांच्याशी बोलले, "मामा, घ्या की." ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "आवाज चांगला हाय तुझा." पैसे घेतले नाहीत.

मार्ग काढला रज्जाकभाईंनी. रज्जाकभाई बँडातले मोठा ढोल वाजवणारे, मामांचे लहानपणापासूनचे जोडीदार. त्यांनी मामांना एवढंच विचारलं, वरातीत नवरदेवावरून ओवाळलेले पैसे कुणाचे?

"बँडाचे."

"मास्तर बीमार आसला तर?"

"तरी मास्तरचे दोन वाटे. नियमच हाय."

"झालं तर," रज्जाकभाई म्हणाले आणि निघून गेले.

औरंगाबादला जायचं त्या सकाळी आम्ही मामांना परभणीच्या एसटीत खिडकीशी बसवलं. बाजाराचा दिवस, स्टँडवर ही गर्दी. आणि गाडीपुढे बँड उभा, लाल डगले घालून.

मामांनी खिडकीतून डोकं काढलं. "कुणाची वरात हाय? नवरदेव कुठाय?"

रज्जाकभाईंनी इकडे तिकडे बघितलं. सगळ्यांपेक्षा उंच बसलेला एकच माणूस दिसत होता. "हा काय, वर बसलाय," म्हणून ते ड्रायव्हरकडे गेले. बालाजीअप्पांनी दुकानातल्या मुंडावळ्या आणल्याच होत्या. ड्रायव्हर बिचारा म्हणत होता, आवो, मला तीन लेकरं हायत. रज्जाकभाई म्हणाले, "मग तर तुमाला सवय हाय," आणि मुंडावळ्या बांधून मोकळे झाले.

बँड वाजायला लागला. पुढे बँड, मागे पावलापावलाने एसटी. लोक पायरीवर चढत, ड्रायव्हरवरून नोट ओवाळत आणि रज्जाकभाईंच्या हातात देत. अप्पांनी ओवाळली. अप्पांच्या बायकोने तर दोनदा ओवाळली. माझी पाळी आली तेव्हा मी पदर डोक्यावरून पडला तरी सावरला नाही. खिडकीत मामा तापले होते. "आरं, ताल सोडायलाय! रज्जाक, हळू! झोपलास का?" वेशीपर्यंत ते ओरडत होते.

वेशीशी रज्जाकभाईंनी सगळे पैसे खिडकीशी पुढे केले. मामा म्हणाले, "आधी वाटे काढ. तुझा, बाकीच्यांचा."

रज्जाकभाईंनी चाळीस वर्षं वाजवलेला ढोल खाली ठेवला. "आज आमी सगळे शिकाऊ हाव, मास्तर. शिकाऊला वाटा नसतो. तुमीच बोललेत, ताल सोडला म्हणून."

 मामांनी डोक्यावरची टोपी काढली, उलटी केली आणि खिडकीबाहेर धरली.

परभणीला गाडी पोचली तेव्हा पार उशीर झाला होता. मामा टोपी दोन्ही हातांनी पोटाशी धरून उतरले. कंट्रोलर साहेब घड्याळ दाखवत ड्रायव्हरच्या अंगावर धावून आले. एवढा उशीर कशाने, म्हणाले.

"वरात होती, साहेब."

"कुणाची?"

ड्रायव्हरने कपाळावरच्या मुंडावळ्या सोडल्या, नीट घडी करून खिशात ठेवल्या.

"माझी."