भावसिंग जीपमध्ये बसत नसे

भावसिंगने हात लावला की गाडी आपली जन्मकथा सांगते, असं कळंबकडे म्हणत. तांड्यावरचा माणूस, पंधरा वर्षं फौजेच्या वर्कशॉपात काढलेली. लिलावातली जुनी जीप कुणी आणली की आधी त्याला दाखवायची. नकाशा पसरायची फळी असली तर साहेबाची. मागे वायरलेसच्या काठीची नळी आणि दोन बॅटऱ्यांची जागा असली तर पुढे जाऊन शत्रू हेरणारी. दोन बोटं फिरवायचा आणि सांगून मोकळा व्हायचा.

फक्त रामरावांच्या जीपबद्दल त्याने कधी तोंड उघडलं नाही. बारा वर्षं तिच्यावरून गावचा गणपती विसर्जनाला जायचा. मागच्या नळीत झेंडा, पुढे डाव्या सीटवर बाप्पा. भावसिंग बाजूने अनवाणी चालायचा.

"फौजीकाका, जीपले भेता का?" पोरं चिडवायची.

"माह्ये पाय चांगले आहेत लेकहो," एवढंच तो म्हणे.

कापसाने साऱ्यांचीच कंबर मोडली होती त्या वर्षी मंडळाने बँडही सांगितला नाही. निदान जीप तरी नीट दिसावी, असं रामरावांच्या पत्नी कोकिळाबाईंच्या मनात आलं. दर दसऱ्याला जुन्या रंगावरच नवा रंग फासलेला; त्याचे पोपडे निघत होते. विसर्जनाच्या आदल्या सकाळी त्यांनी भावसिंगला बोलावलं, स्वतःही पॉलिश पेपर घेऊन बसल्या.

डाव्या सीटलगतचा पत्रा घासताना नाण्याएवढं गोल ठिगळ उघडं पडलं. शेजारी दुसरं. मग तिसरं. पाच निघाली.

"हे काय आहे, भाऊ?"

भावसिंगने तारेचा ब्रश खाली ठेवला. "गोळ्या शिरल्या तिथून. टेहळणीची गाडी हे. इथं वायरलेसवाला बसे."

"मंग बाहेर कुठून निघाल्या?"

तो घासलेल्या पत्र्याची धूळ पुसू लागला. कोकिळाबाई उठून पलीकडे गेल्या. पलीकडचा पत्रा त्यांनी नखाने खरवडून पाहिला. एकही ठिगळ नव्हतं.

म्हणजे गोळ्या सीटवरच्या माणसातच थांबल्या होत्या. दरसाल त्याच सीटवर त्या लाल वस्त्र अंथरत. त्यांची लेक प्रेरणा नवरी होऊन तिथेच बसून गेली होती.

"तुमाले माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी. अशी ठिगळं म्या मारली आहेत, वहिनी. पहिले गाडी धुवा लागे. मंग ठिगळ."

"बारा वर्षं बोलले काहून नाही?"

"तुमी लोकायनं बाप्पाची जागा बदलवली असती. विटाळ म्हणून. मले वाटे, त्या पोराजवळ कोणीतरी बसलेलं असावं."

तेवढ्यात रामराव आले. सगळं ऐकून ओट्यावर बसले. म्हणाले, "ठिगळायवर पुट्टी भरून रंग मारून टाका. अन् उद्या मूर्ती ट्रॅक्टरवर ठेवू. लोक काय म्हणतील?"

  कोकिळाबाई आत गेल्या आणि लाल वस्त्र घेऊन बाहेर आल्या.

"मूर्ती इथंच बसंल," त्या म्हणाल्या. "रंग बाकी जीपले मारा, भाऊ. हे पाच राहू द्या."

दुसऱ्या दिवशी मिरवणूक चावडीजवळ आली तेव्हा पोरांनी विचारलं, "काकू, तुमची चप्पल कुठं हरवली?"

कोकिळाबाई भावसिंगच्या बरोबरीने चालत राहिल्या.