राव, मामी कवा बदलली?

किसन गेल्याचा फोन आला तेव्हा एका गिऱ्हाइकाचा हात माझ्या हातात होता. जुन्नरच्या बाजारपेठेत माझं बांगड्यांचं दुकान आहे. बाईला बोलण्यात गुंतवायचं, हसवायचं आणि ती हसतेय तोवर बांगडी चढवायची, हे आमचं पिढीजात काम. फोनवर खोडदहून त्याचा पुतण्या होता. "आण्णा टोमॅटोला पाणी देत व्हतं... खाली बसलं ते उठलंच न्हाई." अर्धवट चढलेली बांगडी त्या बाईनंच काढून ठेवली आणि मला पाणी दिलं.

टीव्हीवर आमचा कार्यक्रम ज्यांनी पाहिलाय त्यांना किसन आठवत असेल. पुढे उभा राहून मी किस्से सांगायचो, मागे पाच वादकांचा ताफा आणि त्यात लाल फेटेवाला ढोलकीपटू, तो किसन. नाव माझं झालं. आमची ओळख महाळुंगे पडवळच्या जत्रेतली. मी स्टेजवर किस्से सांगत होतो आणि भजनी मंडळातला हा गडी कुणी न बोलावता ढोलकी घेऊन मागे येऊन बसला. किस्सा संपला की मला वाटायचं, आता थाप पडेल. पडायची नाही! लोकांचं हसून होईपर्यंत हा गप्प, आणि मग थाप. खाली उतरल्यावर मी जाम चिडलो. तो शांतपणे म्हणाला, "हशा पिकतो म्हंत्यात ना राव? मग पिकू द्या की. कच्चा कशापायी तोडायचा?" टोमॅटो पिकवणाऱ्या माणसाशी पिकण्यावरून काय वाद घालणार?

पुढे टीव्हीसाठी आमची निवड झाली, आणि निर्मात्या बाईंनी माझी भाषा सुधारायला घेतली. 'आमी' नको, 'आम्ही' म्हणा. 'तुमी' नको, 'तुम्ही'. 'ह' ऐकू आला पाहिजे. दुकानातल्या आरशासमोर मी आठवडाभर 'ह' घोटला. टीव्हीवर दिसायचं तर आपली बोली घरी ठेवायची, हे मला मनातून पटलंही होतं. किसन सगळं ऐकायचा.

पहिल्या रेकॉर्डिंगला मी जपून एकेक 'ह' टाकत निघालो. आम्ही झालं, तुम्ही झालं, आणि भरात येऊन मी म्हणालो, "तेवढ्यात आली आमची माम्ही!" सगळं सभागृह चिडीचूप. तोंडातून गेलेला 'ह' काही गिळता येईना. मला वाटलं संपलं, उद्यापासून आपण बरे आणि आपल्या बांगड्या बऱ्या. इतक्यात मागून, ढोलकीच्या माइकवर, किसनचा आवाज आला. "राव, मामी कवा बदलली?"

लोक अक्षरशः खुर्चीत लोळले. किसननं थाप मारली नाही. थांबला... थांबला... आणि सगळं शांत होता होता एकच दिली. त्यानंतर मी सगळे 'ह' फेकून दिले आणि तोंडाला येईल तसा बोलत सुटलो. दर भागात माम्ही येत राहिली, तो मला दुरुस्त करत राहिला. तुला सुचलं कसं, असं एकदा विचारलं, तर म्हणाला, "सुचतंय कुठं? आमच्या खोडदच्या त्या मोठ्या दुर्बिणीच्या अँटिना आभाळाचं ऐकत्यात, मी आपला तुमचं ऐकतो." गुणांचा पुतळा मात्र नव्हता हं. गायिकेनं ढोलकीवर पर्स ठेवली म्हणून तिच्याशी तीन दिवस बोलला नव्हता!

तो गेल्यावर चॅनेलनं नवा वादक शोधला आणि मला बोलावलं. मी नाही म्हणालो. मागून तो आवाज येणार नसेल तर पुढे उभं राहायची माझी छाती नव्हती, हे सरळच सांगतो. मग एका दुपारी सुमनवहिनी, किसनची बायको, ढोलकी शालीत गुंडाळून दुकानात आल्या. "भाऊ, ही घरात गप पडून ऱ्हायलीय. घिऊन जावा. आन मलाबी न्या. तिथं कसं असतंय ते म्या कंदी पाह्यलं न्हाई."

गेल्या आठवड्यात आम्ही गेलो. किसनच्या जागेवर त्याची ढोलकी ठेवली, नवा वादक शेजारी बसला. किस्सा बरा चालला होता. मग सवयीनं तोंडातून गेलंच, "आणि आली आमची माम्ही!" मी थांबलो. मागे कुणी बोलेना. मी वळून ढोलकीकडे पाहिलं...

पहिल्या रांगेत बांगड्या वाजल्या, माझ्याच दुकानात भरलेल्या, किसन गेल्यावरही न उतरवलेल्या. वहिनी उभ्या राहिल्या होत्या. अगदी त्याच्या सुरात त्या म्हणाल्या, "राव, मामी कवा बदलली?"

नव्या वादकानं थाप द्यायला हात उचलला. मी मागे हात करून त्याला थांबवलं. हशा अजून पिकत होता.