सुधाची कोळीण आणि आपटेकाका

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात किस्से आठवावे लागत नाहीत. दोघं चहाला बसले की आपोआप निघतात. त्यात सुधाच्या लांडगा कोळ्यांचे तर विचारूच नका!

सुधा आमची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. हे कोळी जाळं विणत नाहीत, वाळक्या गवतात धावून भक्ष्य पकडतात. त्यांची ओळख पटवणं हा तिचा विषय. तेव्हा इंदूरच्या मिल्स एकेक करून बंद पडत होत्या. तिचे आपटेकाकाही कताई खात्यातून घरी बसले. काकू म्हणाल्या, "सुधा, यांनाही कोळी शोधायला ने गं बाई, दिवसभर माझ्या फोडणीत चुका काढतात!"

*

इंदूरजवळच्या राऊच्या माळावर सुधाचे गाइड जोशीसर पालथे पडून भिंगातून गवत बघत होते. एक प्लॉटवाला स्कूटर टाकून धावतच आला. "भिया, इतने ध्यान से जमीन तो कोई नहीं देखता! कॉर्नर का दिखाऊँ?"

*

ओळख पटते चेहऱ्यावरून. खाली चार बारीक डोळे, मध्ये दोन टपोरे, वर आणखी दोन. काका भिंगातून बघून दचकलेच. "आठ? अहो, आमच्या सुपरवायझरला दोनच होते, तरी बिडी ओढायची सोय नव्हती!"

*

एकदा पाठीवर पिल्लांचा ढीग घेऊन एक आई निघाली. काका ओरडले, "अरे, हा तर राऊचा टेम्पो! अजून दोन बसतील!"

*

आणि व्हायवाचा दिवस! बाहेरचे परीक्षक अडून बसलेले: "हा लांडगा कोळी कशावरून? अंड्यांची पिशवी मागे लावून चालताना दाखवा, तरच सही." सुधा रडकुंडीला आलेली. नशिबानं बरणीत तशी एक आई होती.

पण त्याच सकाळी काकांनी बरणी साफ केली होती. मिलची सवय! पांढरा पुंजका दिसला की झाडायचा. पिशवी गेली होती कचऱ्यात. सुधाचा चेहरा बघून काका चरकले. परीक्षकांची नजर चुकवून फर्स्ट एडच्या डब्यातला कापूस काढला, बोटांत वळून तेवढीच गोळी केली नि बरणीत सोडली. बाईसाहेबांनी ती चाचपली, मागे चिकटवली आणि निघाल्या की तोऱ्यात!

परीक्षक भिंग लावून बघतच राहिले. "मान गए! मागेच लावते." झाली सही! सुधानं कुठे श्वास सोडला, तोच पेन खिशाला लावत त्यांनी विचारलं, "आता पिल्लं केव्हा निघतील?"

आम्ही सगळे छताकडे बघायला लागलो. काका पुढे झाले.

"आता कसली निघतायत, साहेब! मिल बंद झाली."