आबांची ढिली तार

कॉम्प्युटरवर स्वरलिपी छापून देण्याचा उद्योग मी धुळ्यात काढला, तेव्हा लग्नाच्या बँडमधले एक आबा मॅन्डोलिन घेऊन यायचे. तार लावताना लाकडाला गाल टेकवायचे. हात थरथरू लागल्यामुळे चाली लेकीसाठी उतरवून ठेवायच्या होत्या. जाड तार मात्र कायम ढिली. मी शहाणपणा केला, "आबा, कॉम्प्युटर सांगतो तशी ताणा."

त्यांनी ताणली, वाजवता येईना तसे थांबले आणि डावा हात पुढे धरला. "भाऊ, मनी करंगळी इतलीच शे."

करंगळी अर्धीच होती; ताणलेली जाड तार तिने दाबलीच जात नव्हती. ओशाळून मी कॉम्प्युटरला त्यांची ढिली तार शिकवू लागलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"पोरनी बठ्ठी बोटं पुरी शेतस. तिले ताणेल तारवरच लिखी दे."